नव्या वर्षाची चाकूंची यादी

जानेवारी महिन्यात अमेरिकेतील लास व्हेगास येथे शस्त्रे आणि शिकारीचे साहित्य यांचा जो मोठा व्यापारी मेळावा भरतो, त्याच्या आगेमागे तेथील चाकू बनविणाऱ्या कंपन्या आपापल्या नव्या वर्षाच्या याद्या प्रसिद्ध करतात. आणि घडीचा चाकू ही ज्यांच्या लेखी केवळ दोरी कापण्याची वस्तू नाही, अशा सहस्रावधी माणसांमध्ये त्या दिवसापासून जी खळबळ उडते, ती त्रयस्थाला प्रथमदर्शनी अनाकलनीय वाटेल इतकी तीव्र असते. कोणता नमुना यादीतून गळाला, कोणत्या पात्याचे पोलाद बदलले, किंमत किती चढली, डावखुऱ्या माणसाची सोय याही वर्षी का झाली नाही, आणि मुठीला नवा रंग देण्यापलीकडे कंपनीने वर्षभर केले तरी काय, अशा प्रश्नांची झोड उठते. त्यात स्तुतीही असते. परंतु तक्रारीचा सूर अधिक उंच असतो, आणि तो दरवर्षी, जवळजवळ त्याच शब्दांत, त्याच त्वेषाने लागतो.

या तक्रारीला हौशी मंडळींचा पोरकट हट्ट म्हणून उडवून लावणारे पुष्कळ आहेत. मला ते मत मान्य नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मांडलेले पशुपक्ष्यांच्या आणि मनुष्याकृतींच्या घाटाचे अडकित्ते ज्याने एकदा निवांतपणे न्याहाळले आहेत, त्याला कापण्याच्या साध्या साधनावर माणसाने इतका जीव का लावावा, हे समजावून सांगावे लागत नाही. जे साधन रोज हाताच्या तळव्यात येते, ज्याच्या वजनाची आणि वळणाची बोटांना सवय होते, त्याच्या घडणीत कोणी हात घातला तर मालकाने कान टवकारावेत हे स्वाभाविक आहे. चाकूशौकिनांची फिर्याद माझ्या मते बहुतांशी रास्त असते. दुर्दैव इतकेच, की ती पुष्कळदा भलत्याच मुद्द्यावर गुदरली जाते, आणि त्यामुळे जेथे दाद मिळायला हवी तेथे ती मिळत नाही.

मूळ अडचण अशी आहे. चांगल्या पोलादाचा आणि नीट पाणी दिलेला चाकू जपून वापरला तर मालकापेक्षा अधिक जगतो. बक कंपनीचा ‘११० फोल्डिंग हंटर’ हा नमुना १९६४ मध्ये बाजारात आला: दोन्ही टोकांना पितळ, मध्ये लाकडाची मूठ, आणि पाते पुरते उघडले की पाठीमागे खट्कन बसणारी कळ. आज तो इडाहो राज्यातील पोस्ट फॉल्स येथील कारखान्यात जवळजवळ त्याच रूपात तयार होतो, आणि साठ वर्षांपूर्वी आजोबांनी घेतलेला तो चाकू आज नातवाच्या कमरपट्ट्याला असला तर त्यात नवल काही नाही. ग्राहकाच्या दृष्टीने ही परम समाधानाची गोष्ट. कारखानदाराच्या जमाखर्चात मात्र हाच गुण खर्चाच्या बाजूला पडतो, कारण ज्याच्या खिशात एक उत्तम चाकू आहे त्याला दुसऱ्याची गरज नसते. कारागिरांचे पगार तर दरमहा द्यावेच लागतात. तेव्हा ज्याच्याजवळ चाकू आहे त्यालाच तिसरा, पाचवा, दहावा चाकू विकण्याची तजवीज करावी लागते, आणि त्या तजविजीचे नाव वार्षिक यादी. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. पण नवीन काही सुचलेले असो वा नसो, जानेवारी उजाडला की नवीन काही दाखवलेच पाहिजे, या सक्तीने एका दीर्घायुषी वस्तूला वर्षाच्या मापाने मोजण्याची जी प्रथा पडली, तिने कारखानदार आणि शौकीन या दोघांचीही दृष्टी बिघडवली, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्षाची नोंद चाकूवर असूच नये, असे माझे म्हणणे नाही. पेनसिल्व्हानियातील ब्रॅडफर्ड येथे डब्ल्यू. आर. केस अँड सन्स ही १८८९ मध्ये सुरू झालेली पेढी आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका मराठी स्नेह्याने त्या पेढीचा ‘ट्रॅपर’ नावाचा जुना चाकू माझ्या हातावर ठेवला होता. खोबणीदार कोरलेल्या हाडाची पिवळसर तपकिरी मूठ, तिच्यात शेजारी शेजारी मिटलेली दोन लांब पाती, आणि पाते अर्ध्यावर आणले की क्षणभर थांबून पुढे खणखणीत आवाजाने जागेवर बसविणारी पाठीची कमान. पात्याच्या मुळाशी, जेथे ते मुठीत शिरते तेथे, कंपनीच्या नावाखाली बारीक ठिपके होते. १९७० मध्ये त्या पेढीने शिक्क्याखाली दहा ठिपके उमटविण्यास प्रारंभ केला आणि पुढे दरवर्षी त्यातला एक ठिपका कमी केला. म्हणजे १९७१ च्या चाकूवर नऊ, आणि १९७९ च्या चाकूवर एकच. नमुन्याच्या क्रमांकाचीही अशीच शिस्त: ६२५४ यातला सहा हा हाडाच्या मुठीचा, दोन हा पात्यांच्या संख्येचा आणि चोपन्न हा घाटाचा. भिंग लावून ठिपके मोजणारा शौकीन येथे एक दस्तऐवज वाचत असतो. चाकू तोच राहिला, कमान तीच राहिली, आणि तो कोणत्या साली कारागिराच्या हातून सुटला एवढेच पात्यावर लिहिले गेले. वर्षाचे चाकूवरचे स्थान एवढेच आणि असेच असावे.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, नवीनतेवरच उभी राहिलेली आणि तरीही मला मनापासून आदरणीय वाटणारी एक कंपनी आहे, ती कोलोरॅडो राज्यातील गोल्डन या गावची स्पायडर्को. सॅल ग्लेसर आणि त्यांच्या पत्नी गेल ग्लेसर यांनी १९७६ मध्ये ती उभी केली. चाकूंच्या आधी त्यांनी धार लावण्याचे साहित्य विकले, आणि १९८१ मध्ये आपला पहिला चाकू आणला. त्या चाकूच्या पात्याला एक वाटोळे छिद्र होते, ज्यावर अंगठा ठेवून पाते एका हाताने उघडता येई, आणि मुठीला एक पत्र्याची पट्टी होती, जिच्यामुळे चाकू खिशाच्या तळाशी नाण्यांत हरवून न जाता खिशाच्या काठाला अडकून राही. आज या दोन सोयी इतक्या सर्वत्र झाल्या आहेत, की त्या कधी कोणाला सुचाव्या लागल्या हेच लोक विसरले. ज्या वर्षी त्या यादीत आल्या, त्या वर्षीची यादी नवी म्हणण्याच्या लायकीची होती.

परंतु स्पायडर्कोविषयी आदर वाटण्याचे माझे कारण ते छिद्र नव्हे. ग्राहकाची कैफियत ऐकून घेण्याची तिची रीत हे आहे. १९९० पासून चालत आलेला ‘डेलिका’ हा तिचा लहान चाकू आज चौथ्या पिढीत आहे. नाव तेच, अंदाजे तीन इंचांचे पाते तेच. पण वापरणाऱ्यांनी ज्या ज्या उणिवा सांगितल्या त्या पिढीगणिक दूर होत गेल्या. ब्रिटनमध्ये सकारण खुलासा न देता बाळगता येतो तो चाकू तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, घडीचा आणि कळ नसलेला असावा लागतो; तेव्हा तेथील शौकिनांसाठी कंपनीने त्या कायद्यात बसेल असा, कळ वगळलेला, स्वतंत्र नमुना काढला. १९९६ च्या ‘मिलिटरी’ या मोठ्या चाकूत पाते आतल्या पत्र्याच्या तुकड्याने अडकून राहत असे, आणि ते मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येई. कंपनीच्याच धाकट्या ‘पॅरा मिलिटरी’त कळ पाठीच्या बाजूला असल्यामुळे बोटे पात्याच्या वाटेबाहेर राहत. हीच कळ थोरल्या चाकूला द्या, अशी मागणी वर्षानुवर्षे होत राहिली, आणि अखेर २०२२ मध्ये ‘मिलिटरी २’ तशा कळीसह आला. तेव्हा काहींनी जुन्याचा पुरस्कार केला, काहींनी इतका उशीर का म्हणून तोंडसुख घेतले. असो, ज्या बदलामुळे बोट वाचते तो बदल वार्षिक यादीत पहिल्या पानावर छापण्याच्या योग्यतेचा असतो, आणि तो शौकिनांच्या चिकाटीच्या तक्रारीखेरीज झाला असता असे मला वाटत नाही.

त्याच कंपनीच्या आणखी एका उपक्रमाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. ‘म्यूल टीम’ या नावाने ती एकाच घाटाची, बिनमुठीची, उघडी पाती विकते. घाट तोच, जाडी जवळजवळ तीच. बदलते ते फक्त पोलाद. मूठ ज्याची त्याने लाकडाची, हाडाची, सुतळी गुंडाळून, हवी तशी बसवावी, आणि दोन पोलादांतला फरक स्वतःच्या मनगटाने ठरवावा. शोभेच्या दृष्टीने या पात्यांत काही नाही. पण ग्राहकाच्या जिज्ञासेला बाहुले न देता साधन देणारा असा उपक्रम मला या सगळ्या व्यापारात सर्वांत सभ्य वाटतो.

पोलादाचा विषय निघाला की शौकिनांची चर्चा सर्वाधिक रंगते, आणि येथेच त्यांची दृष्टी सर्वाधिक चुकते. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथील क्रुसिबल या पोलादाच्या कारखान्याने १९७० च्या सुमारास एक रीत व्यापारी पायावर आणली: वितळलेल्या पोलादाची धार वायूच्या झोताने फवारून तिची बारीक पूड करायची, आणि ती पूड प्रचंड दाबाखाली व उष्णतेत घट्ट दाबून तिचा ठोकळा बनवायचा. लगडीच्या रूपात सावकाश थंड झालेले पोलाद आतून ओबडधोबड होते, त्यातले कठीण कण मोठे होतात आणि धार टवके उडून जाते. पूड क्षणात थंड होत असल्याने तिच्यातले कण बारीक राहतात. या रीतीनेच २००१ मध्ये, क्रिस रीव्ह यांच्यासारख्या चाकूकारांचा सल्ला घेऊन, ‘एस३०व्ही’ हे खास चाकूंसाठीचे पोलाद आले. आणि २०२१ मध्ये लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने योजलेले ‘मॅग्नाकट’ आले, ज्यात क्रोमियमचे ते मोठे कठीण कण बनूच नयेत अशा बेताने प्रमाणे जुळविलेली आहेत, म्हणून ते गंजाला दाद देत नाही आणि धारेला चिवटही राहते. ही खरोखर बुद्धीची कामगिरी आहे, आणि तिच्याविषयी शौकिनांना वाटणारा आनंद माझ्याही मनात आहे.

मात्र पोलादाचे नाव पात्यावर कोरले म्हणजे ते पोलाद पात्यात उतरले असे होत नाही. किती उष्णतेला तापविले, किती वेगाने थंड केले, पुन्हा किती वेळ मंद आचेवर ठेवले, थोडक्यात पाणी कसे दिले, यावर धारेचे भवितव्य ठरते. बक कंपनीचे ‘४२०एचसी’ हे पोलाद शौकिनांच्या प्रतवारीत फार खालच्या पायरीवर बसविले जाते. पण पॉल बॉस या पाणी देणाऱ्या कारागिराने घालून दिलेल्या पद्धतीने काठिण्याच्या रॉकवेल मापाच्या ५८ अंशांच्या आसपास कठीण केलेले तेच पोलाद शिकाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या पुरले आहे. उलट, उत्तम नावाचे पोलाद यंत्रावर घासायला त्रास नको म्हणून मऊ ठेवले, तर ग्राहकाने चढी किंमत मोजली ती केवळ नावाची. काही शौकिनांनी स्वतः काठिण्य मोजण्याची यंत्रे विकत घेऊन, विकत घेतलेल्या चाकूंची रुजवात पाहण्यास सुरुवात केली आहे. या माणसांचे ऋण सर्व ग्राहकांनी मानले पाहिजे. नव्या यादीवरची खरी प्रतिक्रिया ही अशी असते: हाती घेतलेली, मोजलेली, कापून पाहिलेली.

कापून पाहण्याचा मुद्दा मी मुद्दाम काढतो आहे, कारण यादीतील बहुतेक चाकूंवरचा निकाल ते कारखान्यातून बाहेर पडण्याच्या आतच, छायाचित्र पाहून, लागलेला असतो. पाते मुठीच्या बरोबर मध्यावर मिटते की नाही, रेषा डोळ्याला खुपते की नाही, छिद्र लहान की मोठे, यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. आणि धारेच्या लगेच मागे पाते किती पातळ आहे, ज्यावर टोमॅटो चिरला जातो की चेंगरतो हे अवलंबून असते, तो प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. इंग्लंडातील शेफील्ड हे चाकूंचे प्राचीन गाव. तेथील कटलरी संशोधन संस्थेने धार किती टिकते हे मोजण्यासाठी एक यंत्र बनविले आहे, जे वाळूसारखे कठीण कण मिसळलेल्या कागदाच्या थप्पीवर पाते ठरावीक दाबाने पुढेमागे फिरवते आणि एकूण किती कागद कापला गेला याची नोंद ठेवते. घरी असे यंत्र नसले तरी पुठ्ठ्याची खोकी आणि काथ्याची दोरी कोणाजवळ नाही? आठवडाभर ती कापावीत, नंतर पाते निसण्यावर ओढून धारेच्या काठाला उलटलेली बारीक लव बोटाच्या पेराने चाचपावी, आणि मग त्या चाकूवर मत द्यावे. असे मत कंपनीला ऐकावेच लागते.

रंगांविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण त्यात लिहिण्यासारखे थोडे आहे. स्वित्झर्लंडच्या इबाख गावातील व्हिक्टोरिनॉक्स, जिच्या लाल मुठीचा चाकू परदेशी गेलेल्या काका-मामांनी आपल्यापैकी अनेकांच्या घरी आणला, ती कंपनीसुद्धा दरवर्षी ॲल्युमिनियमच्या खवलेदार मुठीचे चाकू त्या वर्षापुरत्या एका नव्या रंगात काढते. २०१९ मध्ये तो शॅम्पेनचा होता, २०२१ मध्ये वाघासारखा नारिंगी. चाकू उत्तमच आहेत. पण ते गतवर्षीही उत्तमच होते. ‘रंग नको, आतले हत्यार बदला’ असे जे शौकीन म्हणतात त्यांच्याशी मी सहमत आहे. २०२४ मध्ये त्याच कंपनीचे प्रमुख कार्ल एल्सनर यांनी, निरनिराळ्या देशांतील कायदे कडक होत चालल्यामुळे बिनपात्याचे खिशातले साधनही आपण तयार करीत आहोत, असे सांगितले, तेव्हा जगभर जो हलकल्लोळ झाला, तो मात्र मला अकारण वाटला. पात्यांचे चाकू बंद होणार नाहीत, हे कंपनीला पुन्हा खुलासेवार सांगावे लागले. सायकलस्वाराला पेचकस हवा असेल आणि पाते नको असेल तर त्याच्यासाठी वेगळे साधन निघाल्याने त्या कंपनीच्या १८९७ च्या अधिकारी-चाकूपासून चालत आलेल्या परंपरेचे काहीच उणे होत नाही.

टंचाईचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पेनसिल्व्हानियातीलच टायटसव्हिल येथे २००६ पासून काम करणाऱ्या ग्रेट ईस्टर्न कटलरीसारख्या लहान कारखान्यात जुन्या धाटणीचे चाकू थोड्या थोड्या संख्येने, बरेचसे हाताने, तयार होतात; आणि ते बाजारात येताच संपून दुसऱ्या दिवशी चढ्या दराने फिरू लागतात. त्या कारखान्याची कुवतच तेवढी, त्याला दोष नाही. पण मोठ्या कंपन्या हेतुपुरस्सर ‘इतकेच नग, या एकाच दुकानापुरते’ अशी मर्यादा घालून जी टंचाई निर्माण करतात, आणि नव्या यादीबरोबरच बंद होणाऱ्या नमुन्यांची यादी काढून जी धावपळ माजवितात, तिच्यात बळी जातो तो चाकू वापरू इच्छिणारा साधा माणूस. चाकू घेतला आणि पेटीत ठेवला, धार कधी लागली नाही आणि कधी लावली नाही, अशा संग्राहकाच्या मर्जीवर कारखान्याने आपले वर्ष बेतावे, याला मी हरकत घेतो.

शौकिनांची शक्ती योग्य ठिकाणी लागली तर काय घडते याचा पुरावा अलीकडेच मिळाला. डिसेंबर २०२४ मध्ये क्रुसिबलने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि ज्या लोकांचा आदल्या महिन्यापर्यंतचा वाद मुठीच्या रंगांवर चालला होता तेच लोक सिरॅक्यूजच्या भट्ट्यांचे काय होणार, तेथील कामगारांचे काय होणार, मॅग्नाकट यापुढे कोण ओतणार, असे विचारू लागले. पुढे फ्रान्सच्या एरास्टील कंपनीने क्रुसिबलची मालमत्ता विकत घेतली. म्हणजे येत्या याद्यांत पोलादाची नावे तीच असली तरी भट्टी वेगळी असणार आहे, आणि म्हणूनच माझी मागणी आता अधिक निकडीची झाली आहे: प्रत्येक कंपनीने वार्षिक यादीत चाकूच्या किमतीशेजारी त्याच्या पात्याचे रॉकवेल काठिण्य किमान किती आणि कमाल किती, धारेमागची जाडी किती, पोलाद कोणत्या कारखान्यात ओतले आणि पाणी कोणी दिले, हे चार रकाने छापावेत. आजही काही उत्पादक यांपैकी एखाददुसरी माहिती देतात. उरलेल्यांकडून ती मिळविण्याचे काम, ‘मिलिटरी’ची कळ बदलून घेईपर्यंत ज्यांनी वर्षानुवर्षे पिच्छा सोडला नाही, त्याच शौकिनांनी हाती घ्यावे.